सोफ्याचं नंतर, आधी भिशीचं बोल

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. नवऱ्याबरोबर 1915 चा 'द चीट' हा मूकपट बघितलास, त्यातली ईडिथ कपड्यांवर पैसा उडवते, नवरा म्हणतो जरा दम धर, माझे शेअर्स वर येऊ देत, आणि तेवढ्यात तुझे हे म्हणाले, "डिट्टो तू!" नव्या सोफ्यावरून आधीच धुसफूस, आता चार दिवस अबोला. असं बोलणं शोभतं का, विचारतेस.

नाही शोभत. पण मधेच एक ओळ टाकलीयस, "भिशीचे 40 हजार तूर्त सोफ्याला वापरलेत, पगार झाला की टाकीन, तो विषय वेगळा."

तोच तर विषय आहे!

ईडिथही खजिनदारच. रेड क्रॉसचे 10 हजार डॉलर तिच्याकडे सांभाळायला, ती कुणाच्या तरी टिपवर ते शेअर्समध्ये घालते, बुडतात, मग हस्तिदंताच्या एका जपानी व्यापाऱ्याकडून भलत्याच अटीवर पैसे घेते. तो तिच्या खांद्यावर डाग देतो तो सीन सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्याच्या आधीचा छळतो. नवऱ्याचे शेअर्स चढलेत, स्वारी खुशीत, ती 10 हजार मागते आणि तो चेक लिहून देतोही. तरी ती काय सांगते? ब्रिजमध्ये हरले! माणूस प्रेमाने देतोय, चेक समोर आहे, तरी खरं तोंडातून निघत नाही. आणि पुढे तिने त्या व्यापाऱ्यावर झाडलेल्या गोळीचा आळ हाच नवरा स्वतःवर घेतो गं.

पिक्चरने सगळं पाप त्या परक्या जपान्यावर ढकललं (अमेरिकेतले जपानी चिडले, त्यांचं बरोबरच होतं, मग 1918 मध्ये त्याला ब्रह्मदेशचा केला). तू तुझ्या पत्रात नवऱ्यावर ढकललंयस.

आज रात्री मागचं आवरून झालं की त्यांच्यासमोर बस आणि सांग. आधी भिशी, मग सोफा. आईच्या औषधांना दिले, मैत्रिणीला अडचण होती, असलं काही जोडू नकोस, मी तुला ओळखत नाही पण ते वाक्य तुझ्या मनात तयार असणार याची मला खात्री आहे. ते चिडतील, आवाज चढेल, चढू दे. एफडी मोडा, सोफा परत करा, काहीही करा, पण या महिन्यात जिचा नंबर लागेल तिच्या हातात पूर्ण रक्कम पडली पाहिजे. पगाराची वाट बघत बसू नकोस, अबोला तूच मोड, आजच.