वाचकांचे प्रश्न : मिलिसेकंदाचा रेडिओ स्पंद पकडतात कसा?

प्रश्न : फास्ट रेडिओ बर्स्ट, म्हणजे दूरच्या दीर्घिकांतून येणारे रेडिओ लहरींचे क्षणिक स्पंद, जेमतेम काही मिलिसेकंद टिकतात. एवढ्यात दुर्बीण तिकडे वळवतात तरी कशी?

उत्तर : वळवतच नाहीत. कॅनडातल्या चाइम दुर्बिणीला तर हलणारा भागच नाही. प्रत्येकी 100 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असे चार अर्धनळे, त्यांवर 1024 अँटेना. संगणक त्यांचे संकेत जुळवून 1024 दिशा एकाच वेळी ऐकत राहतो.

खरी मेख अपस्करणात आहे. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. मिलिसेकंदांतला उशीर = 4.15 × डीएम ÷ वारंवारतेचा वर्ग (गिगाहर्ट्झमध्ये). डीएम (डिस्पर्शन मेजर) म्हणजे वाटेवरच्या इलेक्ट्रॉनांची गोळाबेरीज. ती 500 असेल, तर 800 मेगाहर्ट्झला दिसलेला स्पंद 400 ला तब्बल 9.7 सेकंदांनी पोचतो. सगळे चॅनेल (वारंवारतेचे अरुंद पट्टे) तसेच बेरजेला घेतले तर तो गोंगाटात विरून जातो. म्हणून अनेक संभाव्य डीएम धरून प्रत्येक चॅनेल तितका सरकवायचा, मग बेरीज करायची आणि उठाव शोधायचा.

इथे चॅनेलची रुंदी घात करते. 400 ते 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे 1024 भाग केले, तर 600 मेगाहर्ट्झजवळ स्पंद एकाच चॅनेलच्या आत 7.5 मिलिसेकंद पसरतो. नुसती तीव्रता साठवली असेल तर तो पुन्हा आवळता येत नाही. 16,384 भाग केले की हाच पसारा अर्ध्या मिलिसेकंदावर येतो.

प्रश्न : गोंगाटाच्या सहापट उठाव पुरेसा का मानत नाहीत?

उत्तर : दिवसाचे 8.64 कोटी मिलिसेकंद, गुणिले हजार दिशा, गुणिले हजार डीएम. इतक्या वेळा फासे टाकले की निव्वळ योगायोगाने 6 सिग्माचे (गोंगाटाच्या नेहमीच्या चढउताराच्या सहापट) सुमारे 85,000 उठाव रोज मिळतील! 8 सिग्माला वीसेक दिवसांत एखादा. (शेजारचे डीएम एकमेकांशी निगडित असतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे कमी.) मानवनिर्मित संकेत वेगळेच. ते जवळूनच येतात, म्हणून बहुतेकांचा डीएम शून्य निघतो, पण सगळ्यांचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला चकवणारे 'पेरिटॉन' नावाचे संकेत मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार वेळेआधी उघडल्याने येत होते, हे 2015 मध्ये कळले.

प्रश्न : मग अनेक तबकड्या कशासाठी? एक मोठी का नको?

उत्तर : पत्ता लागत नाही म्हणून. 64 मीटरची तबकडी 1.4 गिगाहर्ट्झला सुमारे 14 कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) डाग दाखवते. त्यात कितीतरी दीर्घिका मावतात. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅस्कॅपच्या 12 मीटरच्या 36 तबकड्या 6 किलोमीटरवर पसरल्या आहेत, म्हणून त्यांचा डाग साधारण 7 विकलांचा (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). स्पंद ठळक असेल तर मध्यबिंदू त्याहून बारीक ठरतो.

शोधताना मात्र अनेकदा तबकड्यांच्या फक्त तीव्रता बेरजेला घेतात. संवेदनशीलता 36 पट न वाढता 6 पटच वाढते, पण सुमारे 30 चौरस अंशांचे क्षेत्र शाबूत राहते. कच्चे व्होल्टेज काही सेकंदांच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) फिरते ठेवतात. उठाव दिसताच ते गोठवून प्रतिमा काढतात. अशाच रीतीने 24 सप्टेंबर 2018 चा एकदाच आलेला स्पंद 0.32 ताम्रसृतीच्या (विश्वाच्या प्रसरणाने लहरी किती ताणल्या गेल्या त्याचे, पर्यायाने अंतराचे माप) दीर्घिकेत सापडला. इशारा उशिरा आला तर बफर पुसला गेलेला असतो, मग हाती फक्त डीएम आणि ढोबळ दिशा उरते.