‘लिव्हिंग’ म्हणजे वतन का?

प्रश्न असा आहे : जुन्या इंग्रजी कादंबरीतल्या ‘द लिव्हिंग वॉज इन हिज गिफ्ट’ या वाक्याचा अनुवाद ‘ते वतन त्याने भेट दिले’ असा चालेल का?

नाही चालणार. इथे कुणी कुणाला काही भेट दिलेलं नाही. ‘गिफ्ट’ म्हणजे देण्याचा अधिकार. ‘लिव्हिंग’ किंवा ‘बेनिफिस’ म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधलं पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्याचं पद, त्या काळी त्याला जोडलेल्या जमिनीच्या नि दशांशाच्या (पिकाच्या दहाव्या हिश्शाच्या) उत्पन्नासकट. ‘वतन’ हा शब्द मोहात पाडतो खरा, पण वतन पिढीजात असतं. पाद्र्याचं पद फार तर हयातभराचं, मुलाकडे आपोआप जायचं नाही. पिढीजात होता तो पाद्री सुचवण्याचा हक्क, ‘अ‍ॅडव्हाउसन’. तो जमीनदाराकडे, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांकडे, खुद्द राजाकडे असे आणि चक्क विकलाही जाई. १९८६च्या कायद्यानं ही विक्री बंद केली. वतन म्हणायचंच तर या हक्काला म्हणा.

जागा रिकामी झाली की हा हक्कदार, म्हणजे पेट्रन, बिशपकडे नाव पाठवतो : हे ‘प्रेझेंटेशन’. बिशप त्या पाद्र्याकडे पॅरिशमधल्या लोकांच्या आत्म्यांची काळजी सोपवतो : ‘इन्स्टिट्यूशन’. मग आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी, नव्या पाद्र्याचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर किंवा कडीवर ठेवतो आणि पाद्री आत जाऊन घंटा वाजवतो : ‘इंडक्शन’. (जितके टोल तितकी वर्षं तो टिकणार, असं लोक गमतीनं म्हणतात.) आपल्या दप्तरी भाषेत मधली सनद नि शेवटचा ताबा. दोन्हींना ‘नियुक्ती’ म्हटलं की सगळा फरक बुडतो. बिशप स्वतःच पेट्रन असेल तर पहिल्या दोन पायऱ्या एक होतात, त्याला ‘कोलेशन’ म्हणतात. जुन्या कायद्यात पेट्रननं सहा महिने नाव दिलं नाही तर ती पाळी बिशपकडे, आणखी सहा महिन्यांनी आर्चबिशपकडे आणि शेवटी राजाकडे जाई. याला म्हणत ‘लॅप्स’; त्याला ‘पाळी हुकणे’ छान बसतं.

आज पेट्रनला मनमानी करता येत नाही. पॅरिशची समिती गावाच्या गरजांचं निवेदन तयार करते आणि आपल्यातले दोन बिनपाद्री प्रतिनिधी निवडते. त्यांची नि बिशपची संमती घेतल्याशिवाय पेट्रनला कुणालाही जागा देऊ करता येत नाही. यासाठी समितीची जी बैठक होते तिच्यात जाणाऱ्या पाद्र्याला बसता येत नाही.

अनुवादकांसाठी आणखी दोन खड्डे. पाद्र्याची जागा रिकामी असते त्या काळात चर्चवॉर्डन, म्हणजे पॅरिशचे बिनपाद्री कारभारी, कारभार पाहतात, ते ‘सीक्वेस्ट्रेशन’. ही जप्ती नव्हे, तात्पुरती देखरेख. आणि ‘सस्पेंडेड बेनिफिस’ म्हणजे निलंबित पाद्री नव्हे. तिथे कुणावर ठपका नसतो. पॅरिशं जोडायची वगैरे असली की बिशप पेट्रनचा नाव देण्याचा हक्क काही काळ स्थगित ठेवतो आणि ‘प्रीस्ट-इन-चार्ज’, म्हणजे प्रभारी पाद्री नेमतो.

मूळ वाक्य मी असं करीन : ‘त्या चर्चवर पाद्री नेमणं त्याच्या हाती होतं.’