तुझं 9.28 खोडू नकोस

भौतिकशास्त्राचा एक, गणिताचा एक आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे दोन असे प्रश्न तू विचारलेस. एक मीटर लांबीच्या लंबकाला 20 आंदोलनांसाठी 41.25 सेकंद लागले आणि जीची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत 9.28 आली, ती 9.8 का नाही? थीटा शून्याकडे नेला की साइन थीटा भागिले थीटा याची लिमिट 1 आहे म्हणतात, मग कॅल्क्युलेटरवर एक अंश घेऊन पाहिलं तर 0.01745 का येतं? पायथन साइन 30 चं उत्तर उणे 0.988 का देतो? आणि ते सुधारल्यावर स्क्रीनवरचा लंबक दर झोक्याला आणखी वर का चढतो? शेवटी जाता जाता लिहिलंयस की वर्गात सगळ्यांचं 9.8 आलंय, तेव्हा तूही जर्नलमध्ये रीडिंग जुळवून घेणार आहेस.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. जुळवू नकोस. गोळा 40 अंशांपर्यंत ओढून सोडला, असं तूच लिहिलंयस. इतक्या मोठ्या कोनाला 9.28 च्या आसपासच उत्तर यायला हवं. तुझं मोजमाप चांगलं आहे, फक्त सूत्र त्याच्या हद्दीबाहेर वापरलं गेलंय.

दोरी उभ्या रेषेशी थीटा कोन करते तेव्हा गोळ्याला मध्याकडे खेचणारं बल साइन थीटाच्या प्रमाणात असतं. पुस्तकातलं सूत्र (जी म्हणजे 4 गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग) मिळवताना मात्र साइन थीटाच्या जागी सरळ थीटा लिहिलेला असतो. 40 अंश म्हणजे 0.698 रेडियन आणि साइन 40 अंश म्हणजे 0.643. म्हणजे झोक्याच्या टोकाला सूत्र जेवढी ओढ धरतं, त्यापेक्षा खरी ओढ सुमारे 8 टक्क्यांनी कमी असते. ओढ कमी, म्हणून गोळा रेंगाळतो, दोलनकाल म्हणजे एका आंदोलनाचा वेळ वाढतो आणि त्याचा वर्ग छेदात असल्यामुळे जी कमी दिसतो. हा फरक फक्त टोकांजवळ असतो, मध्याजवळ नसतो. शिवाय दोलनकाल बलाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्यामुळे 8 टक्क्यांचा परिणाम काळावर सुमारे 3 टक्केच उरतो.

नेमका आकडा हवा असेल तर मूळ दोलनकालाला (1 अधिक थीटा वर्ग भागिले 16) याने गुण. थीटा रेडियनमध्ये घ्यायचा. पुढची पदं इतकी लहान आहेत की इथे सोडून दिली तरी चालतील; खालचे आकडे मात्र मी ती धरून काढलेत. महाराष्ट्रात समुद्रसपाटीजवळ जी साधारण 9.78 ते 9.79 असतो, त्यामुळे तंतोतंत 9.80 येणाऱ्यांकडेही मी जरा निरखून पाहीन. 9.785 धरला तर लहान कोनाला 20 आंदोलनं 40.17 सेकंदांत व्हायला हवीत. कोन शेवटपर्यंत पूर्ण 40 अंश टिकला असता तर 41.43 सेकंद लागले असते. पण हवेमुळे झोका हळूहळू लहान होतो. 20 आंदोलनांची सरासरी 37 अंशांच्या जवळ धरली की 41.24 येतात. तुझे 41.25 आहेत. स्टॉपवॉच दाबताना हात 0.2 सेकंदाने मागेपुढे झाला असेल, एक सेकंदाने नाही. असं रीडिंग खोडून 40.1 लिहायचं, या विचारानेच मला वाईट वाटतं.

आता गणित. वर मी दोनदा रेडियन म्हटलं, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. त्रिज्या 1 असलेलं वर्तुळ काढ आणि केंद्रापाशी एक लहानसा कोन घे. त्या कोनासमोरचा कंस म्हणजे रेडियनमधला थीटा. कंसाच्या एका टोकापासून दुसऱ्या त्रिज्येवर टाकलेला लंब म्हणजे साइन थीटा. कोन लहान करत गेलं की कंस आणि तो लंब एकमेकांना चिकटत जातात, म्हणून गुणोत्तर 1 कडे जातं. अंशांत मोजलं की लंब त्रिज्येच्या मापाने मोजला जातो आणि कंस वर्तुळाच्या 360 व्या भागाने. दोन वेगळ्या फुटपट्ट्या झाल्या. त्यांच्यातला फरक पाय भागिले 180, म्हणजेच तुझा 0.01745. कॅल्क्युलेटर चुकलेला नाही. साइनचा डेरिव्हेटिव्ह नुसता कोसाइन येतो तोही फक्त रेडियनमध्येच. अंशांत काढलास तर तोच 0.01745 पुढे गुणलेला दिसेल.

आपल्याकडच्या ज्योतिषगणितात ही गोष्ट फार पूर्वी हाताळली गेली आहे, आणि मला ती दर वर्षी सांगावीशी वाटते. आर्यभटाने 499 च्या सुमारास 'ज्यां'ची (ज्या म्हणजे त्रिज्या गुणिले साइन) जी सारणी दिली, तिच्यामागे 3438 ची त्रिज्या आहे. हा विचित्र आकडा आला कुठून? वर्तुळाच्या परिघाच्या 360 गुणिले 60, म्हणजे 21600 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्याला दोन पायने भागलं की सुमारे 3438. म्हणजे त्रिज्या आणि कंस दोन्ही एकाच मापात, कलांमध्ये मोजायचे. तसं केल्यावर 225 कलांच्या कंसाची ज्याही 225 च येते. लहान कोनाला साइन थीटा आणि थीटा सारखेच, हे त्या सारणीच्या पहिल्याच आकड्यात दिसतं.

पायथनचं उणे 0.988 आता तुझं तुलाच सुटलं असेल. त्याने 30 रेडियन धरले, म्हणजे चार पूर्ण फेऱ्या मारून वर सुमारे 279 अंश. आधी अंशांचं रेडियन कर. मग 0.5 ऐवजी 0.49999999999999994 दिसेल, त्याने गोंधळू नकोस. पायची किंमत संगणकात पूर्ण मावत नाही, म्हणून शेवटच्या घरात इतका फरक राहतो. तुलना करायची असेल तर 'बरोबर आहे का' न विचारता 'फरक अगदी लहान आहे का' असं विचारावं.

लंबक वर वर चढण्याचं कारण वेगळं आहे. तुझ्या प्रोग्रॅममध्ये नवा कोन आणि नवा वेग दोन्ही जुन्या किमतींवरून काढले आहेत आणि मग एकदम बदलले आहेत. वडाच्या पाराभोवती प्रदक्षिणा घालताना प्रत्येक पाऊल नाकासमोर सरळ टाकलंस आणि पाऊल पडल्यावरच वळलीस किंवा वळलास, तर दर पावलाला पारापासून थोडं लांब जाशील. स्पर्शिका वर्तुळाच्या बाहेरच जाते. इथेही तसंच घडतं, प्रत्येक पावलाला थोडी ऊर्जा फुकट मिळते. वेळेचं पाऊल 0.01 सेकंद असेल तर एका आंदोलनात झोका सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो, 0.001 केलंस तर सुमारे 1 टक्क्याने. म्हणजे पाऊल लहान करून दोष लपतो, जात नाही.

उपाय एका शब्दाचा आहे. पायथन 3 मध्ये चलांना देवनागरी नावं चालतात, म्हणून तशीच लिहिते (साइन म्हणजे math.sin):

नवा_वेग = वेग - (गुरुत्व / लांबी) * साइन(कोन) * पाऊल
नवा_कोन = कोन + नवा_वेग * पाऊल

दुसऱ्या ओळीत तुझ्याकडे 'वेग' होता, तिथे 'नवा_वेग' आला, बस. वेगाची ओळ आधीच हवी. आता झोका किंचित मागेपुढे होईल, पण वाढत जाणार नाही. मग सुरुवातीचा कोन 40 अंश ठेवून दोलनकाल मोज, 2.07 सेकंद येईल. साइन काढून नुसता कोन ठेवलास तर 2.01. दोन्ही चालवून बघ.

जर्नलमध्ये 9.28 तसंच राहू दे आणि खाली सुरुवातीचा कोन 40 अंश होता असं लिही. सर विचारतील तर थीटा वर्ग भागिले 16 मांडून दाखव. पुढच्या प्रॅक्टिकलला वेळ मिळाला तर 10, 20, 30 आणि 40 अंशांना प्रत्येकी 5 आंदोलनं मोज, म्हणजे झोका फारसा लहान होणार नाही. पण प्रत्येक कोनाला निदान आठ वेळा मोजून सरासरी घे, कारण 10 सेकंदांत हाताची चूक मोठी ठरते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धर. दोलनकाल उभ्या अक्षावर, रेडियनमधल्या कोनाचा वर्ग आडव्या अक्षावर. सरळ रेषा यायला हवी, चढ 0.125 च्या जवळ. 10 अंशांचा फरक या घड्याळावर दिसणार नाही, 30 आणि 40 चा नक्की दिसेल. आलेख काढलास की आकडे इथे टाक, मी बसून तपासते.