टीसीएल टाकूनही बोअर दूषितच

प्रश्न : आमच्या वस्तीवर पाच घरांत मिळून एक बोअर आहे, साडेसहा इंची, २६० फूट खोल. पावसाची पहिली मोठी सर आली की दोन दिवस पाणी गढूळ येतं. तपासणीत कोलिफॉर्म जंतू निघाले, नायट्रेट लिटरला ६२ मिलिग्रॅम आलं. ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) आणून टाकली, तरी दोन महिन्यांनी अहवाल तोच. उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : पावसापाठोपाठ गढूळ होतंय, म्हणजे वरचं पाणी थेट आत उतरतंय. टीसीएल आत असलेले जंतू मारते, त्यांची वाट बुजवत नाही.

बोअरचं तोंड जमिनीखालच्या चेंबरमध्ये असेल तर भर पावसात झाकण उचलून बघा. बहुतेक वेळा टोपीला केबलसाठी पाडलेलं भोक साचलेल्या पाण्यात बुडालेलं दिसतं. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) जोडून जमिनीवर दीड फूट वर घ्या, चेंबर चिकणमातीने ठोकून भरा, भोवती बाहेर उतरता काँक्रीटचा ओटा करा, भोक सिलिकॉनने बंद करा. तोंड कोरडं असेल तर संशय केसिंगच्या बाहेरच्या फटीवर. पैसे वाचवायला केसिंग मुरमातच थांबवतात. ते कठीण पाषाणात निदान दोन फूट बसायला हवं. फट सिमेंटने भरून घ्या, ५० किलोच्या गोणीला २५ लिटर पाणी. पावडर त्यानंतर.

साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी मावतं. पाणी ६० फुटांवर असेल तर उरलेल्या २०० फुटांत १३०० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे २५ टक्क्यांची पावडर २६० ग्रॅम. गोळे झालेली नको, तिचा क्लोरीन उडालेला असतो. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून अर्धा तास ठेवा आणि वरची निवळीच ओता; चुन्याचा गाळ आत गेला तर पंपाला त्रास. मग पंपाचं पाणी पाइपने परत बोअरमध्ये, केसिंगच्या कडेने, तासभर फिरवा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा, बारा तास थांबा. आरओ असेल तर त्याची जोडणी आधीच सोडवून ठेवा, क्लोरीनने त्यातलं मेंब्रेन (गाळणारा पडदा) जातं. मग वास जाईपर्यंत पाणी उपसा; ते सेप्टिक टँकमध्ये नको.

वास पूर्ण गेल्यावर आठवड्याने नमुना द्या. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पुढच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा. त्याआधीच्या चांगल्या अहवालावर फारसं विसंबू नका.

तोवर खळखळ उकळी एक मिनिट पुरे. आटवू नका, कारण नायट्रेट उकळून जात नाही, उलट वाढतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध या पाण्यात कालवू नये. आरओने नायट्रेट उतरतं, यूव्हीने नाही. पण बोअरपासून १५ मीटरच्या आत गोठा, उकिरडा किंवा शोषखड्डा असेल, तर आधी तो हलवा.