आधी गा, मग फुंक

चि. ... हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फ्रेंच हॉर्न पेटीत ठेवताना तू विचारलंस, "सर, दोन महिने एकाच एट्यूडवर अडकलेय. पुढचं घेऊ का?" तेव्हा मी गप्प राहिलो. आता लिहितो.

घेऊ नकोस. हॉर्नवादक कोप्राशचे साठ एट्यूड, म्हणजे सरावाचे पाठ, कुठे पळून जात नाहीत. आठवा बार, म्हणजे मात्रांचा आठवा गट, तू पुन्हा पुन्हा वाजवलास, दर वेळी सूर फुटला आणि तू बोटांना बोल लावलास. बोटं बरोबरच होती गं! एफ हॉर्नची नळी सुमारे बारा फूट. वरच्या सप्तकात तिचे नैसर्गिक सूर एकमेकांना अगदी खेटून. बोटाखालचा एकही व्हॉल्व्ह न दाबता सा, रे, ग तिन्ही लागतात. त्यातला कुठला हवा, हे ओठाला कानानेच सांगायचं असतं. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर येतोच, इथे तो आधी तुझ्या आत लागावा लागतो. म्हणून आधी गा, मग फुंक.

मला हे फार उशिरा उमगलं. लष्करी बँडमध्ये होतो तेव्हा मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा रोज वाढवायचो आणि वरचा सूर लागला नाही की माउथपीस ओठावर आणखी दाबायचो. एका कार्यक्रमात एकट्या हॉर्नचे चार बार होते. पहिलाच सूर फुटला. फुंकण्याआधी माझ्या कानात काय होतं? काहीच नव्हतं. वरचा ओठ पुढे कित्येक महिने बधिर राहिला, तो आजही पूर्वीसारखा नाही.

याच हट्टापायी माझे दोन विद्यार्थी सोडून गेले. "सर पुढे सरकूच देत नाहीत," असं घरचे म्हणाले. म्हणोत. ज्याला चार बार गाता येत नाहीत, त्याला पुढचं पान मी उलटू देणार नाही. मला कुणी असं अडवलं असतं तर माझा ओठ वाचला असता.

सदाशिव पेठेत दुपारी शेजारी झोपतात, रियाज होत नाही, ही तुझी तक्रार खरी आहे. पण गायला हॉर्नची पेटी उघडावी लागत नाही. स्वारगेटच्या बसमध्ये मनात गा. घरी मोबाइलवर तानपुरा लावून हलक्या आवाजात गा. सप्तक गळ्याला सोयीचं घे, अंतरं मात्र चोख हवीत. मग तेच नुसत्या माउथपीसवर, मग हॉर्नवर. नंतर पट्टी बदल, एकदा ई फ्लॅटमध्ये, एकदा डीमध्ये. जुन्या हॉर्नला व्हॉल्व्ह नव्हते, वादक नळीचे तुकडे बदलून पट्टी बदलायचे. त्यांचं लिहिलेलं संगीत आजही आपल्याला मनातच पट्टी बदलून वाजवावं लागतं. बोटांच्या पाठांतरावर ते निभत नाही. गाणाऱ्याला जमतं.

येत्या रविवारी हॉर्न घरीच ठेव. फक्त वही आण. आठव्या बारपासून गाऊन दाखव, मी तानपुरा लावून ठेवतो.