मी 'ईमेल' इम्पोर्टच केलेलं नाही, तरी फ्लास्क सुरू करताना "'ईमेल' हे पॅकेज नाही" अशी एरर का येते?

फ्लास्क, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं तयार साधन, काढून पुन्हा टाकणं आधी थांबवा. तीनदा केलंत म्हणता, चौथ्यांदाही तेच होईल, कारण फ्लास्क बिचारं धडधाकट आहे. गडबड आहे ती प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता सांगितलेल्या फाइलची: संपर्काच्या फॉर्मसाठी काल रात्री केलेली 'ईमेल डॉट पीवाय', 'जी अजून कुठे जोडलेलीही नाही'.

तुम्ही जोडली नाहीत, पायथनने जोडली. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे पायथनसोबतच येणाऱ्या तयार कोडमध्ये, ईमेल नावाचं पॅकेज आधीपासूनच आहे, आणि फ्लास्क ज्याच्यावर उभं आहे त्या वेर्कझॉइग लायब्ररीला ते लागतं. तुम्ही 'पायथन अ‍ॅप डॉट पीवाय' असं चालवलं की मॉड्यूलचा, म्हणजे इम्पोर्ट करायच्या कोडचा, शोध आधी त्या फाइलच्याच फोल्डरमध्ये होतो, स्टँडर्ड लायब्ररीचा नंबर नंतर. नाव जुळलं की शोध संपला. सदाशिव पेठेतल्या वाड्यात 'जोशी' एवढंच लिहिलेलं पत्र आलं, तर पोस्टमन ते दारातल्या पहिल्या जोशींना देऊन मोकळा होणार. मागच्या चौकातले जोशी बसले वाट बघत. खरं ईमेल पॅकेज म्हणजे आत पार्सर, युटिल्स वगैरे असलेलं अख्खं फोल्डर, आणि तुमची एकटी फाइल. म्हणून 'पॅकेज नाही'. एररचं पुणेरी पाटीसारखं आहे: मजकूर शंभर टक्के खरा, पण तो कुणाला उद्देशून आहे हे आपण ओळखायचं.

खात्री करायची तर त्याच फोल्डरमधून 'पायथन -सी' (एखादी ओळ थेट चालवायची कमांड) वापरून ईमेल इम्पोर्ट करा आणि त्याचं 'डंडर फाइल', म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर असलेलं 'फाइल', प्रिंट करा. पत्ता तुमच्याच प्रोजेक्टचा आला की चोर सापडला. फाइलला 'संपर्क_मेल' असं काही नाव द्या. पायकॅश फोल्डर (पायथन कोडच्या कंपाइल केलेल्या प्रती ठेवतं ते) उडवा असं कुणी सांगेल. पायथन ३ मध्ये त्याची गरज नाही.

आता 'मित्राच्या लॅपटॉपवर तोच कोड चालतो' हे कोडं. तो बहुतेक 'फ्लास्क रन' म्हणून चालवत असणार. त्या वाटेने तुमचं फोल्डर शोधायच्या जागांच्या यादीत येईपर्यंत खरं ईमेल लोड होऊन गेलेलं असतं, आणि एकदा लोड झालेलं मॉड्यूल पायथन पुन्हा शोधत नाही. पण तोही सुटलेला नाही. उद्या तुमची फाइल इम्पोर्ट करायला गेला की त्याच्या हाती स्टँडर्ड लायब्ररीतलं ईमेल येईल, आणि मग तुमचं फंक्शन कुठे गेलं म्हणून तो तुम्हाला फोन करेल.

हसत नाहीये. हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीत मी गणपतीच्या सुट्ट्या दाखवायला 'कॅलेंडर डॉट पीवाय' केली होती. एरर आली 'कॅलेंडरमधून टाइमजीएम इम्पोर्ट करता येत नाही'. टाइमजीएम हा शब्द मी जन्मात लिहिला नव्हता. कुकी सांभाळणारं मॉड्यूल ते मागत होतं, हे कळेपर्यंत ऑफिसची शेवटची बस गेली. तेव्हापासून रँडम, लॉगिंग, टाइप्स, क्यू, टोकन ही नावं मी फाइलला देत नाही. 'फ्लास्क डॉट पीवाय' तर नकोच. फ्लास्कच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसं बजावलंय. पायथन ३.१३ पासून अशा काही चुकांमध्ये 'फाइलचं नाव बदलून बघा' असं एररच सुचवते, म्हणून जमलं तर अपग्रेड करा.

नाव बदलूनही 'मॉड्यूल नाही' असंच आलं तर तो आजार वेगळा. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकायच्या साधनाने, टाकायचं नाव आणि इम्पोर्टचं नाव नेहमी एक नसतं: चित्रं हाताळणारी लायब्ररी टाकताना पिलो, इम्पोर्ट करताना पीआयएल. आणि पिप 'पायथन -एम पिप' असंच चालवा, नाहीतर पॅकेज भलत्याच पायथनमध्ये जाऊन बसतं.