कॅमेऱ्याचा खर्च आणि कपाटातला एक पावसाळा

तुम्ही लिहिले आहे की कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून ७२ हजार रुपये घालून दीड वर्ष झाले, घरात त्या पैशांचा विषय अजून निघतो, आणि खर्च सार्थ ठरावा म्हणून लग्नाच्या ऑर्डरी घ्याव्यात की थेट फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा, महागडा) कॅमेरा घ्यावा, हे तुमचे ठरत नाही. मला मात्र तुमचे शेवटचे, जाता जाता लिहिलेले वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले: "जूनपासून बॅग कपाटातच आहे." २०१६ साली माझ्या घरी हेच चालले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही आणि माझे आकडे माझ्या घरापुरते आहेत, तेव्हा ते त्याच बेताने घ्यावेत.

मी चिपळूणला राहतो. २०१४ च्या दिवाळीत मी कॅमेरा, त्याच्यासोबतची १८-५५ एमएम (रोजच्या वापराची) आणि एक ७०-३०० एमएम (लांबचे जवळ आणणारी) अशा दोन लेन्स ६१,५०० रुपयांना घेतल्या. २०१६ च्या जूनमध्ये पहिल्या पावसात कुंभार्ली घाटात गेलो, ओलसर झालेली बॅग घरी आल्यावर तशीच लाकडी कपाटात ठेवली आणि ती थेट नवरात्रात उघडली. ७०-३०० लेन्समध्ये टॉर्चचा उजेड टाकला तेव्हा आतल्या एका भिंगाच्या कडेपासून मध्याकडे पांढरे, केसाहून बारीक, फांद्या फुटलेले धागे पसरलेले दिसले. ती बुरशी होती. हवेतील आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली आणि लेन्स अंधारात, कोंदट जागी पडून असली की ती वाढते, आणि कोकणात पावसाळ्याचे चारही महिने हवा याहून दमट असते. सुरुवातीलाच लक्षात आले तर ती पुसून निघते. उशीर झाला तर भिंगावरचा लेपच खाल्ला जातो आणि मग सफाईचा उपयोग होत नाही.

बुरशीपेक्षाही मला महाग पडले ते दुरुस्ती केंद्र. अंदाजपत्रकाचे ५०० रुपये त्यांनी आधी घेतले, तीन आठवडे काही कळवले नाही, आणि मग भिंगांचा एक संच बदलावा लागेल म्हणून १४,२०० रुपये सांगितले. कोणता संच, सफाईने का भागणार नाही, जुना भाग परत मिळेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर काउंटरवर मिळाले नाही. "वरून आलेले अंदाजपत्रक आहे" एवढेच दर वेळी ऐकवले गेले. लेन्स नवव्या आठवड्यात हाती आली, तेव्हा प्रत्येक फोटोची उजवी बाजू मऊ, म्हणजे पुसट येत होती. तक्रार केल्यावर हे मर्यादेत बसते असे तोंडी सांगण्यात आले आणि लेखी द्यायला नकार मिळाला. मुंबईच्या चार फेऱ्यांचे ४,६०० रुपये धरून एकूण १९,३०० रुपये गेले, आणि ती लेन्स शेवटी ७,००० रुपयांना विकावी लागली. त्या हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला जायचे ठरले होते, तेही राहिले. याचा राग मला आजही आहे. वस्तू जमा करताना तिचे तारखेसह फोटो काढायचे, पावतीवर तिची स्थिती लिहून घ्यायची आणि दुसऱ्या एखाद्या कारागिराचे मत घेतल्याशिवाय होकार द्यायचा नाही, या तीन गोष्टी मी तेव्हा केल्या नाहीत.

आता खर्चाच्या समर्थनाविषयी. त्या वर्षानंतर मी एक वही ठेवली. पहिली खरेदी, ती दुरुस्ती, १४,००० रुपयांची जुनी बदली लेन्स, बॅटऱ्या, कार्डे असे सगळे मिळवून आणि विक्रीचे पैसे वजा करून दहा वर्षांत ९८,००० रुपये झाले. कॅमेरा घेऊन मी बाहेर पडलो असे दिवस ४६७ भरले, म्हणजे दिवसाला साधारण २१० रुपये. फोटोंच्या संख्येने भागू नये असे माझे ठाम मत आहे, कारण बटण दाबून धरले की संख्या हवी तेवढी वाढते. दिवस मात्र तसे वाढवता येत नाहीत. घरच्यांची हरकत बहुधा ७२ हजारांपेक्षा बंद बॅगेला असते आणि ती रास्त आहे. माझ्या घरी हा विषय मिटला तो आई दारात बसून डाळिंब्या सोलत असतानाचा, बोटांच्या पेरांवर साली चिकटलेल्या दिसणारा फोटो छापून भिंतीवर लावला तेव्हा.

लग्नाच्या ऑर्डरी केवळ समर्थनासाठी घेऊ नयेत. तो वेगळा व्यवसाय आहे, त्यात दुसरा कॅमेरा हाताशी ठेवावा लागतो, आणि चूक झाली तर कोणाचा तरी दिवस परत येत नाही. फुल-फ्रेमचेही तसेच. ए-फोर आकाराच्या उत्तम छपाईला सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात आणि तुमचा कॅमेरा २४ चा आहे. हात शिवशिवतच असतील तर ५० एमएम एफ १.८ ही कमी उजेडातही चालणारी लेन्स घ्या, मात्र निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर त्यात फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स (स्वतःची मोटर नसलेली) त्यावर आपोआप फोकस करत नाही, हे दुकानात विचारून घ्या.

त्याआधी ११०० रुपयांचा खर्च करा. रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा, आर्द्रता दाखवणारा छोटा मापक आणि निळी सिलिका जेल एवढे पुरते. मापक ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे बघा. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून स्वयंपाकाचा तवा मुळीच वापरू नका. कॅमेऱ्याच्या खोक्यात आलेल्या पुड्यांवर विसंबू नका, मी तेच केले होते.

आज रात्री दोन्ही लेन्स काढा, लेन्समधले उजेडाचे छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडे ठेवा, मागून टॉर्च लावा आणि पुढून तिरके बघा. धागे दिसले तर ती लेन्स दुसरीपासून वेगळी ठेवा, फोटो काढून इथे टाका, आणि आम्ही बघेपर्यंत कोणत्याही केंद्रात जमा करू नका.